अंगाऱ्याचे पांढरे ठिपके

डॉक्टरबाईंनी माझ्या डाव्या छातीचा फोटो पडद्यावर लावला, त्यातल्या बारीक पांढऱ्या ठिपक्यांवर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाल्या, "हे मला आवडलेलं नाही." त्या क्षणी मी घाबरले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आधी राग आला, आणि तोही देवीचा. इतकी वर्षं मंगळवार धरले. नवरात्रात गणवेशावर अनवाणी हिंडले, साहेबांची बोलणी खाल्ली, पण नेम मोडला नाही. दारात आलेल्या कुणाला विन्मुख पाठवलं नाही. आणि एवढं करून तिने माझ्याच पदरात हे टाकावं? दुसरं कुणी सापडलं नाही का तिला? खुर्चीत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडले. आज तो राग आठवला की हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. पण जसं झालं तसंच सांगायचं ठरवलं आहे, तेव्हा रागापासून सुरुवात केलेली बरी.

मी एसटीत कंडक्टर आहे. कर्जत-खोपोली ही माझी नेहमीची ड्यूटी, आणि राहायला आम्ही दहिवलीत. देवाने आवाज दिला आहे, तो मी हात न राखता वापरते. दारात लोंबकळणाऱ्याला मी शेवटच्या सीटजवळून नुसत्या आवाजाने आत घेते. घरातही तुझीच घंटी वाजते, असं आमचे हे म्हणतात. ते खोपोलीला कागदाच्या कारखान्यात आहेत आणि स्वभावाने इतके शांत की त्यांच्या वाटचं बोलणंही मलाच बोलावं लागतं. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचं माहेर नेरळच्या पुढे, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथली गावदेवी तीच आमचीही देवी. देऊळ म्हणजे चार खांब आणि वर पत्रा, आत शेंदूर फासलेली शिळा, समोर धुपाचं मडकं. त्या मडक्यातली राख आणि देवीच्या अंगावरून निघालेला थोडा शेंदूर एकत्र कुटला की झाला अंगारा. आमच्या घरात डोकं दुखो, पाय मुरगळो, परीक्षा असो की बढती, आधी अंगारा आणि मग बाकीचं.

गेल्या वर्षभरात माझ्या छातीत डावीकडे दुखायला लागलं. पैशांच्या बॅगेचा पट्टा नेमका तिथूनच जातो, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही. सासूबाईंच्या कानावर घातलं, तर त्यांनी अंगाऱ्याची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आंघोळ केलीस का कपाळाला लाव, आन दुखतंय तिथं लाव. इसरू नको." मी विसरणारी नव्हे. रोज सकाळी गणवेश चढवायच्या आधी चिमूटभर अंगारा कपाळाला आणि चिमूटभर दुखऱ्या जागेवर. दुखणं कमी झालं की नाही सांगता येत नाही, पण लावल्याशिवाय घराबाहेर पडायला मन घेत नसे.

अशात एक दिवस बायकांच्या छातीची तपासणी करणारी मोठी गाडी कर्जतला आली. आमच्या डेपोतल्या बायका लाजत होत्या. कुणाला घरी काम आठवलं, कुणाला एकदम ड्यूटी आठवली. मी पदर खोचला आणि एकेकीला गाडीत चढवलं, प्रवासी चढवते तशी. शेवटी मी स्वतः गेले. आतल्या मशीनवरच्या बाईने विचारलं, "पावडर, अत्तर, क्रीम, स्प्रे, असलं काही लावलंय का?" मी म्हटलं, "अहो, मी कंडक्टर आहे, नटी नव्हे." ती हसली आणि तिने फोटो काढले. मी खोटं बोलले नव्हते. अंगारा हा देवीचा, तो काही पावडरीच्या डब्यात बसत नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की त्या प्रश्नात अंगारा येऊ शकतो असं स्वप्नातही आलं नाही. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, तीही नाहीच म्हणाली असती.

थोड्या दिवसांनी नवी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला की फोटोत काही दिसतंय, येऊन जा. वर जो राग सांगितला तो तिथला. डॉक्टरबाईंनी नवे फोटो काढायला सांगितले. तिथल्या सिस्टरने ओल्या फडक्याने माझी छाती पुसली, फडक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे हो?" फडकं तांबूस राखाडी झालं होतं. मी म्हटलं, "अंगारा आहे." मग तिने डॉक्टरबाईंना हाक मारली, डॉक्टरबाईंनी फडकं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही तिघी हसायला लागलो. शेंदरात धातूचा अंश असतो, तो फोटोत पांढरा दिसतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. स्वच्छ धुऊन पुसून पुन्हा फोटो काढले. यावेळी सिस्टरने पाठीला हात लावून मला मशीनमध्ये पार आतपर्यंत सरकवलं. मी दोन पावलं मागे यायला बघत होते आणि ती "पुढे या, अजून पुढे" म्हणत होती. मी म्हटलं, बाई, हे वाक्य माझं आहे.

ठिपके गेले होते, सगळेच्या सगळे. मी बाहेर येऊन ह्यांना फोन केला आणि म्हटलं, "काही नाही, आपला अंगारा निघाला." ते म्हणाले, "तुझ्या देवीने तुला फुकटचा हेलपाटा घातला बघ." आम्ही दोघंही हसत होतो, तेवढ्यात सिस्टर मला परत आत बोलवायला आली. डॉक्टरबाई आता हसत नव्हत्या. त्यांनी नव्या फोटोच्या अगदी कडेला, बरगड्यांच्या जवळ, बोट ठेवलं. तिथे एक छोटा पुंजका होता, मोहरीचे दाणे सांडल्यासारखा. पहिल्या फोटोत ती जागा आलीच नव्हती, फोटो तिथवर पोचलाच नव्हता. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "खरं सांगू? तुमच्या त्या अंगाऱ्याचे ठिपके नसते, तर मी तुम्हाला परत बोलावलंच नसतं. पहिल्या फोटोत बाकी काहीच नव्हतं."

देवीशी मांडलेलं भांडण तसंच अर्धवट राहिलं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पुंजक्यात काय आहे ते पाहण्यासाठी तिथला नमुना काढायचा. कापाकापी नाही. तेवढी जागा बधिर करायची, बारीक छेद घ्यायचा, फोटो बघत बघत एक पोकळ सुई नेमकी तिथे पोचवायची आणि हवेने ओढून त्यातले बारीक तुकडे घ्यायचे. टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. ऐकायला सोपं होतं. पण घरी आल्यावर सुई हा एकच शब्द आमच्या घरात फिरायला लागला. आमच्या आळीतल्या एका बाईच्या गाठीला सुई लावली आणि काही महिन्यांत ती गेली, हे आळीतलं लहान पोरही सांगेल. ती आधीच किती आजारी होती, हे मात्र कुणी सांगत नाही. गाठीला सुई लागली की ती पसरते, ही आमच्याकडची जुनी समजूत, आणि सगळ्या डेपोला ढकलत तपासणीला नेणारी मी, मीही आतून तीच धरून होते. त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही. गाडीत तिकिटं देताना आवाजसुद्धा बसल्यासारखा येत होता. एका रोजच्या प्रवाशाने विचारलंही, "काय ताई, आज गाडी शांत कशी?"

अंगाऱ्याची गोष्ट मी सासूबाईंपासून लपवून ठेवली होती. त्यांच्या अंगाऱ्यामुळे घोळ झाला हे ऐकून त्यांचं मन दुखावेल, असं वाटत होतं. ह्यांनीच एका दुपारी सांगून टाकलं. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "म्हंजी देवीनं तुला परत बोलावलं."

मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी बोलावलं."

"त्येच ते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता या स्वतःच मला सुईला पाठवतील. पण लगेच त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "फोटोपरयंत ठीक हाय गं. पन सुई नको. सुई लागल्यावर आमी काय करायचं?" बोलताना त्यांचा आवाज कापला. माझ्या सासूबाईंचा आवाज कापलेला मी तोवर ऐकला नव्हता.

ठरल्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले, पण खरं सांगायचं तर नाही म्हणायला गेले. गोळ्या द्या, सुई नंतर बघू, असं वाक्यही मनात जुळवून ठेवलं होतं. हे सोबत होते. बाकावर बसले होते, तर शेजारच्या बाईने माझ्याकडे वळून बघितलं. काळीसावळी, काटक, माझ्याच वयाची. म्हणाली, "तुमी खोपोलीच्या गाडीवरच्या ताई ना? नर्सबाईशी बोलत व्हत्या तवा आवाज वळखला. आक्खी गाडी हाकता तुमी." त्या अवस्थेतही मला हसू आलं. ती माथेरानच्या पायथ्याच्या एका ठाकूरवाडीतली. वर हॉटेलात कामाला जाते, रोज पायी चढून. मी विचारलं, कुणाला दाखवायला आणलंय? ती म्हणाली, "मीच. माजी सुई झाली मागल्या साली, आता वर्साची तपासणी हाय." मी एकदम सरळ झाले. सुई लागूनही ही बाई माझ्या शेजारी बसली होती. मी विचारलं, "मग पसरलं नाही?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कर्जतला उभी राहून कर्जत कुठे असं विचारत होते. "कुटं पसरलंय? ही काय मी. काल दोन येळा डोंगर चढली." मग म्हणाली, "भ्या तर मला बी वाटलं व्हतं. घरचे सगले नको म्हनत व्हते. पन न कळता घरी बसून ऱ्हायचं त्याच्या परीस कळलेलं बरं, नाय का?" मग तिच्या नावाने हाक आली आणि ती उठून गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. त्यानंतर मी तिला कधी पाहिलं नाही. गाडीत ठाकूरवाडीच्या बायका चढल्या की अजून माझी नजर तिला शोधते.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी जुळवून ठेवलेलं वाक्य मनातच राहिलं. आत एक उंच टेबल होतं आणि त्याला छातीच्या ठिकाणी गोल भोक होतं. पालथं झोपायचं, आणि डॉक्टर टेबलाच्या खालून काम करणार. मी म्हटलं, म्हणजे गाडी वर आणि मेकॅनिक खाली. डॉक्टरबाई खालून म्हणाल्या, "अगदी तसंच. आता मात्र बोलायचं नाही आणि हलायचं नाही." मंगळसूत्र, गळ्यातला देवीचा दोरा, सगळं काढून ह्यांच्याजवळ दिलं होतं. मान भिंतीकडे. बधिर करायचं इंजेक्शन चावलं, मग नुसता दाब जाणवायला लागला, आणि एक यंत्र घुर्र करून थांबायचं, पुन्हा घुर्र करायचं. मी देवीचं स्तोत्र म्हणायला घेतलं. लहानपणापासून पाठ, रोज म्हणते, पण पहिली ओळ झाली आणि दुसरी येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. आज, या घडीला, हिचं नावसुद्धा मला येऊ नये?

आणि मग स्तोत्राच्या जागी थांबे आले. मी बोलावले नव्हते, आपोआप आले. कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. तोंडात बसलेले शब्द. पळसदरीला भाजीची पाटी घेऊन चढणारी आणि पाटीला जागा झाल्याशिवाय कुणाला बसू न देणारी काकू आली. केळवलीच्या शाळकरी मुली आल्या, सगळ्या एकाच वेळी बोलणाऱ्या. डोळवलीचे ते आजोबा, जे रोज विचारतात, "ही खोपोलीलाच जाती ना?" आणि मी रोज सांगते, "नाही, काशीला जाते." लौजीच्या कंपनीतल्या बायका, बसल्या बसल्या पेंगणाऱ्या, ज्यांना मी उतरायच्या आधी हलवून जागं करते. खोपोली आलं की गाडी फिरायची आणि सगळे पुन्हा चढायचे. ती सगळी माणसं त्या थंड खोलीत माझ्याभोवती दाटीवाटीने उभी होती. देवी त्यात वेगळी अशी दिसली नाही. पण माझा जीव इतका निवला की यंत्राची घुरघुर मला आमच्या गाडीच्या इंजिनाची वाटायला लागली.

तेव्हा पालथी पडल्या पडल्या मला एक गोष्ट उमगली. इतकी वर्षं गाडी हाकते, हाकते म्हणून मी मिरवत आले, पण गाडी मी एकदाही चालवली नाही. मी प्रवाशांकडे तोंड करते आणि रस्त्याकडे पाठ. वळणावर, पुलावर, पावसाने धुऊन गेलेल्या रस्त्यावरसुद्धा मी तिकिटं देत असते आणि चालवणारा दुसराच असतो. त्याच्या हातावर मी कधी शंका घेतली नाही. रोज करते तेच आज करायचं होतं, आणि त्यासाठी मी एवढे दिवस जेवले नव्हते.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. सिस्टरने ती जागा बराच वेळ दाबून धरली, वर बर्फ ठेवला, घट्ट पट्टी बांधली. नमुना घेतलेली जागा पुढे सापडावी म्हणून तिळाहून बारीक धातूची एक खूण आत ठेवली होती. बाहेर आले तर हे उभेच होते. बसायला बाक रिकामा होता तरी उभे होते. मी म्हटलं, "बसायचं की." ते म्हणाले, "बसवलं नाही." लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य आहे असं मी त्यांना अजून चिडवते.

निकाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी लपवलं काही नाही. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण जागच्या जागी होत्या, कुंपणाच्या आत. अजून काही वर्षं तशाच राहू दिल्या असत्या तर बाहेर पडू शकल्या असत्या. लहानसं ऑपरेशन झालं, मग काही आठवडे किरणांचे उपचार झाले. छाती वाचली आणि मीही वाचले. आता मी पुन्हा गाडीवर आहे, बॅगेचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेते एवढाच फरक. जी बाई गाडीत ओळखीची दिसते तिला तपासणी करून घ्यायला सांगते, आणि जाण्याआधी अंगावर काय काय लावलं आहे ते सगळं, देवाचंसुद्धा, सांगायला सांगते.

आमचे हे म्हणतात, दुसऱ्यांदा फोटो नीट काढला म्हणून दिसलं, त्यात अंगाऱ्याचं काय? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांचं म्हणणं खरंच आहे. आणि मला दुसऱ्या फोटोपर्यंत कुणी नेलं, हे मला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी आमच्या घरात एका ताटात जेवतात. पूर्वी मी देवीपुढे उभी राहिले की सांगत बसायची, हे असं कर, ते तसं होऊ दे, ड्यूटी बदलून मिळू दे. आता जाते आणि नुसती बसते. डोंगरावरून वारा येतो, पत्रा वाजतो. मागायचं सुचत नाही. तिला जे दाखवायचं होतं ते तिने दाखवलं, बघण्याचं काम माणसांकडून करून घेतलं, आणि माझ्या वाट्याला न हलता पडून राहणं आलं. आयुष्यात एवढं सोपं काम मला कुणी दिलं नव्हतं, आणि एवढं अवघडही.

ऑपरेशननंतर काही दिवस हात वर उचलायचा नव्हता. आंघोळीला सासूबाई पाणी घालायच्या. मला संकोच व्हायचा. आमच्यात सासूने सुनेला असं पाहायची रीत नाही, आणि मी काही लहान नव्हे. एके दिवशी पट्टी पहिल्यांदाच निघालेली होती. त्यांनी पाठीवर तांब्या ओतला, मग समोर येऊन बसल्या आणि व्रणाकडे पाहत राहिल्या. बोटभर लांबीचा, अजून लाल. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी ओली बोटं अगदी हलकी त्या व्रणाला लावली आणि तीच बोटं आपल्या दोन्ही डोळ्यांना लावली, देवीच्या उंबऱ्याला हात लावून लावतात तशी. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. त्यांनी तांब्या पुन्हा भरला आणि विचारलं, "पानी जास्ती गरम नाय ना गं?" मी मान हलवून नाही म्हटलं.